मधोमध मांडलेली खुर्ची

जिन्याच्या वळणावर बाईंना थांबावं लागलं, कारण वरून खुर्ची उतरत होती. खुर्चीखाली शिपायाचे दोन पाय होते, पण आधी दिसली ती खुर्चीच: उंच पाठीची, काळ्या लाकडाची, संचालकांच्या खोलीतली. ती खोली सोडून ही खुर्ची कधी बाहेर पडलेली बाईंनी पाहिली नव्हती. भिंतीला अंग चोरून त्यांनी वाट दिली आणि कुठे निघाली स्वारी, असं सहज विचारलं. शिपाई खुर्चीआडून म्हणाला, "सभागृहात. पुढे, अगदी मधोमध मांडायला सांगितलीय. आज ग्रंथपालसाहेबांना बसवायचंय तिच्यात." बातमी चांगली होती. इतकी वर्षं त्या माणसाने पुस्तकं सांभाळली आणि संस्थेने त्याला साधा धन्यवाद म्हटलं नव्हतं; उशिरा का होईना, कुणाला तरी सुचलं. बाई बरं झालं म्हणाल्या, दोन पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. ही खुर्ची आपण कुठेतरी पाहिली आहे, असं त्यांना वाटलं. पाहिली आहे म्हणजे काय, संचालकांकडे गेलं की रोजच दिसते. पण तसं नव्हे. तिचं हे जाणं पाहिलं आहे. पुढे, मधोमध, सगळ्यांच्या समोर. कठड्यावर हात ठेवून त्या जरा वेळ उभ्या राहिल्या, आणि मग तासाला उशीर होईल म्हणून वर गेल्या.

त्या साहित्य शिकवत. संस्थेत त्यांना सगळेच बाई म्हणत. संचालकही, कारण एकेकाळी तेही त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून जांभया देत असत. हिब्रू धर्मग्रंथातले राजे आणि संदेष्टे हा बाईंचा विषय. विषय म्हणजे नुसता शिकवण्याचा नव्हे, जडलेला. त्या जुन्या लेखकांनी राजे कसे रंगवले आहेत हे सांगताना बाईंच्या अंगात यायचं. राजाच्या मनात काय चाललंय हे ते लेखक सांगतच नाहीत बरं का, त्या म्हणत. राजा पलंगावर पडला, भिंतीकडे तोंड केलं आणि जेवला नाही, एवढंच सांगतात आणि अख्खा राजा तुमच्यासमोर लोळत पडलेला असतो. मुलं हसायची. मग बाई आवाज उतरवून संदेष्ट्याकडे वळत. राजाजवळ सैन्य असतं, महाल असतो, संदेष्ट्याजवळ काय असतं? वाटेत आडवं उभं राहण्याची हिंमत. राजाला कुणीतरी तोंडावर सांगतं, हे तू केलंस. आणि गंमत अशी की तो राजा, ज्याच्या एका खुणेवर मान उडते, तो ऐकून घेतो. हे वाक्य त्या अशा सुरात म्हणत की वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी. शाळेत असताना त्यांच्या बाईंनी ही गोष्ट वाचून दाखवली होती आणि त्या दिवशी घरी येऊन ह्यांनी अंगावर घोंगडी पांघरली, स्वयंपाकघराच्या दारात हात वर करून उभ्या राहिल्या. ताई हातात दुधाचं पातेलं घेऊन आली. "बाजूला हो, हात भाजतोय माझा," एवढं म्हणून ती त्यांना कोपराने ढकलून आत गेली. तेव्हापासून बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं की त्या गोष्टींमध्ये आपली जागा कुठली. वाटेत आडवं उभं राहणाऱ्याची. प्रत्यक्षात वाटेत आडवं उभं राहण्याचा प्रसंग कधी आला नव्हता, हा भाग वेगळा. आला असता तर आपण राहिलो असतो, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

आज शिकवायची होती ती द्राक्षमळ्याची गोष्ट. पिशवीतून त्यांनी पुस्तक काढलं: धर्मग्रंथाची जुनी छापील प्रत, जाड, कडांना पिवळी, संस्थेत एवढी जुनी दुसरी नव्हती. हल्लीच्या प्रतींतून शिकवायला त्यांना आवडत नसे. गेल्या महिन्यात त्या प्रतीचा कणा सुटला आणि द्राक्षमळ्याची पानं हातात आली, तेव्हा त्या तडक वाचनालयात गेल्या होत्या आणि लहान मुलासारखं तोंड करून ग्रंथपालांच्या पुढ्यात त्यांनी ती मांडली होती. तो माणूस कमी बोलायचा. पानं सारखी करून त्यांनी प्रत कापडी पिशवीत घातली, संध्याकाळी घरी नेली आणि आठवड्याने परत आणली तेव्हा कणा नवा होता, पानं शिवलेली होती आणि पुस्तकाला खळीचा गोडसर वास येत होता. संस्थेने बांधणीचं माणूस कधीच काढून टाकलं होतं, म्हणून ते फाटकी पुस्तकं घरी नेऊन स्वतः दुरुस्त करत. हे सगळ्या संस्थेला माहीत होतं. नोंद करायची ना, असं बाईंनी विचारलं तर ते म्हणाले, "तुमच्याकडे आहे म्हणजे कपाटातच आहे. वापरा हवं तितके दिवस." त्या वाक्याने बाईंना बरं वाटलं होतं. दाटून आलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. माणसावर असा डोळे मिटून विश्वास कोण टाकतं हल्ली.

वर्गात त्यांनी सुरुवात नेहमीसारखी केली. राजाच्या महालाला लागून एका माणसाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजी लावायची होती. बघा, बाई म्हणाल्या, सगळं राज्य हाताशी आहे आणि ह्याला हवीय भाजीची जागा, तीही खिडकीतून दिसणारी. मळेवाला म्हणाला, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. राजा घरी आला आणि रुसून पलंगावर पडला. इथे मुलं हसली. मग राणी आली. तुम्ही राज्य करता की काय करता, असं विचारून तिने राजाला उठवलं, जेवायला घातलं, आणि राजाचा शिक्का घेऊन राजाच्या नावाने हुकूम काढला. हुकूम असा, बाई म्हणाल्या, की गावाची सभा बोलवा. त्या माणसाला लोकांसमोर मानाच्या जागी बसवा. इथे त्यांची जीभ थांबली. पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला. मानाच्या जागी बसवा. पुढे, मधोमध. मग त्याच्या समोर दोन माणसं बसवा. ती दोघं उठून सांगतील की ह्याने असं असं केलं. दोघं हवीत, एकाच्या सांगण्यावर कुणाला दोषी धरता येत नाही. मग त्याला बाहेर न्या. बाईंनी पुढचं कसंबसं सांगितलं: दगड, कुत्री, मळ्याचा ताबा घ्यायला निघालेला राजा, आणि मळ्यात आधीच येऊन उभा राहिलेला संदेष्टा. नेहमी इथे त्यांचा आवाज चढायचा. आज त्या हे सगळं यादी वाचल्यासारखं बोलून गेल्या. पहिल्या बाकावरची मुलगी, जी दिवसा दवाखान्यात काम करायची आणि रजा टाकून तासाला यायची, तिने हात वर केला. "बाई, त्या दोघांचं पुढे काय झालं?" कुठल्या दोघांचं, असं बाईंनी विचारलं, जणू गोष्टीत दोघं पुष्कळ होते. साक्षीदारांचं, मुलगी म्हणाली. बाई म्हणाल्या की ग्रंथ त्यांची नावंसुद्धा सांगत नाही. राजाला नाव आहे, मळेवाल्याला आहे, त्या दोघांना नाही. ती येतात, बोलतात आणि गोष्टीतून निघून जातात. लेखकाला त्यांची गरज उरलेली नसते. उत्तर नीटनेटकं होतं. मुलीने ते वहीत लिहून घेतलं.

तास संपल्यावर बाई रिकाम्या वर्गात बसून राहिल्या. उपसंचालिकेला सगळी संस्था पाठीमागे शिक्केबाई म्हणायची, कारण संचालकांचा शिक्का तिच्या खणात असायचा आणि संचालक काय ठरवतील ते संचालकांच्या आधी तिला माहीत असायचं. हे नाव बाईंनीच पाडलं होतं, ह्याच गोष्टीतून, चहाच्या वेळी, आणि कुणाला ते कुठून आलं हे कळलं नव्हतं. आपल्याच विनोदावर त्या पुष्कळ दिवस खूश होत्या. पंधरवड्यापूर्वी ह्याच शिक्केबाईंनी त्यांना खोलीत बोलावून चहा दिला होता. गप्पा इकडच्या तिकडच्या. मग शिक्केबाईंनी विचारलं, ग्रंथपाल पुस्तकं घरी नेतात म्हणे, तुम्ही कधी पाहिलंय? आणि बाई म्हणाल्या होत्या, पाहिलंय म्हणजे, कापडी पिशवीतून नेतात की. त्या कौतुकाने म्हणाल्या होत्या. त्यापुढे त्यांनी आणखीही सांगितलं होतं, बिचारे घरी खळ लावत बसतात वगैरे, पण तोवर शिक्केबाईंचा फोन वाजला होता. फोन ठेवून त्यांनी विषय बदलला. संस्थेत तुमच्या विषयाचं स्वतंत्र अभ्यासकेंद्र व्हावं असं संचालकांना फार वाटतं, त्या म्हणाल्या. जागेची तेवढी अडचण आहे. बाईंना आत्ता, रिकाम्या वर्गात, तो चहा पुन्हा जिभेवर आला. साखर जास्त झालेली होती. जागा सुचवा ना तुम्हीच, शिक्केबाई म्हणाल्या होत्या. आणि आपण काय म्हणालो? बाईंनी ते आठवायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. पिशवी उचलून त्या वाचनालयाकडे निघाल्या.

वाचनालय इमारतीच्या मागच्या बाजूला होतं. लांबट खोली, एका भिंतीला छतापर्यंत कपाटं, दुसऱ्या बाजूला रांगेने खिडक्या. दिवसभर तिथे ऊन थेट येत नसे, पण उजेड असा स्वच्छ असायचा की बारीक अक्षर डोळ्यांना टोचत नसे. संचालकांना इथे काहीतरी नवं करायचं आहे, पुस्तकं तळघरात हलवायची आहेत, असं वर्षभर कानावर येत होतं. तळघरात ओल आहे, पुस्तकं कुजतील, एवढंच ग्रंथपाल प्रत्येक बैठकीत म्हणत आणि खाली बसत. संचालक मग दोन दोन दिवस कुणाशी धड बोलत नसत. बाई दारात पोचल्या तेव्हा ग्रंथपाल काचेच्या कपाटासमोर उभे राहून स्वतःला न्याहाळत होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, केस ओले करून बसवलेले. बाईंना पाहून ते चक्क लाजले. मला पुढे बसवणार आहेत म्हणे, ते म्हणाले. मी म्हटलं कशाला, पण घरी हिला सांगितलं तर तिने पेटीतला सदरा काढला. मग मान थोडी वर करून, "कॉलर बरोबर आहे ना बघा," म्हणाले.

बाईंनी कॉलर पाहिली. मागच्या बाजूला ती दुमडली होती. त्यांनी हात लांब करून ती सरळ केली. आत्ता सांगायचं, त्या मनात म्हणाल्या. जाऊ नका तिथे. किंवा जा, पण त्या खुर्चीत बसू नका. आणि समजा ते म्हणाले, का? तर काय सांगायचं, एका जुन्या गोष्टीत असं आहे म्हणून? हसतील. हा माणूस हसणार नाही, पण तोंड उतरेल त्याचं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा खूश दिसतोय. कदाचित खरंच सत्कार असेल. खुर्ची म्हणजे खुर्ची असते, आपण उगाच राईचा पर्वत करतो. हे सगळं मनात चाललेलं असताना त्यांची नजर ग्रंथपालांच्या खांद्यावरून खिडक्यांकडे गेली, तिसऱ्या आणि चौथ्या खिडकीच्या मधल्या जागेकडे, जिथे एक मोठं टेबल छान बसलं असतं, आणि शिक्केबाईंना आपण काय उत्तर दिलं होतं ते त्यांना पुरतं आठवलं. त्या म्हणाल्या होत्या, जागा काय, वाचनालयाची खोली मिळाली असती तर सोनं झालं असतं. गमतीने म्हटलं होतं. म्हटल्यावर शिक्केबाई हसल्या नव्हत्या. बाईंनी कॉलरवरचा हात काढून घेतला. "छान दिसताय," त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

सभा दुपारी चारला होती आणि सभागृहात कधी नव्हे ती सगळी माणसं वेळेवर आली होती. खुर्ची पुढे होती, मधोमध, व्यासपीठाकडे तोंड करून, बाकी रांगांपासून सुटी. ग्रंथपाल तिच्यात बसले की मागच्यांना फक्त उंच पाठ आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर ठेवलेली बोटं दिसत. बाई तिसऱ्या रांगेत होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत पुस्तक. संचालकांचा चेहरा सुजल्यासारखा, न झोपलेल्या माणसाचा होता आणि ते एकदाही खुर्चीकडे पाहत नव्हते. ते सेवेबद्दल चार शब्द बोलले, फुलांचा गुच्छ दिला, टाळ्या झाल्या. बाईंनी जोरात टाळ्या वाजवल्या. झालं, संपलं, उगाच भ्यायलो, असं वाटून त्या मागे टेकून बसल्या. आणि तेवढ्यात संचालक म्हणाले की आता मला एक अप्रिय गोष्ट सर्वांसमोर बोलणं भाग आहे. आपल्यात काही लपवाछपवी नसावी. मग ते बसले आणि शिक्केबाई उठल्या. त्यांचा आवाज मऊ होता. धर्मग्रंथाची जुनी प्रत, जिची आज मोठी किंमत येईल, कपाटात नाही. कुणाला दिल्याची नोंद नाही. ग्रंथपालांना मानाने विचारते, ती कुठे आहे. उंच पाठीमागून काही ऐकू आलं नाही. मग वाचनालयातला सहायक उठला आणि जमिनीकडे पाहत म्हणाला की त्याने ग्रंथपालांना जुन्या पुस्तकांच्या दुकानात तशी प्रत दाखवताना पाहिलं. एक झाला, बाईंनी मोजलं. मोजायचं नव्हतं, पण मोजलं गेलं.

"बाई," शिक्केबाई म्हणाल्या, "तुम्ही मला सांगितलं होतंत. ती प्रत पिशवीत घालून घरी नेताना तुम्ही पाहिलं होतं ना?" बाई उठल्या. पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती. आत पुस्तकाचा नवा कणा तळहाताला लागत होता, टणक, कापडातूनसुद्धा. एवढंच करायचं होतं की हात आत घालायचा, प्रत बाहेर काढायची आणि वर धरायची. शब्दही बोलायची गरज नव्हती. घोंगडी पांघरून दारात उभी राहिलेली मुलगी त्यांना आठवली, आणि तिच्या हातात काही नव्हतं, ह्यांच्या हातात तर सगळं होतं. हो, त्या म्हणाल्या, पाहिलं होतं. ते खरं होतं. पुढचं वाक्य तयार होतं: आणि परत आणलेलंही पाहिलं. सभागृहाच्या खिडक्या बंद होत्या, दिव्यांचा पिवळा उजेड होता, आणि बाईंच्या डोळ्यांसमोर उगाचच तो दुसरा, स्वच्छ उजेड आला, आणि त्याच्याखाली मोठं टेबल. संचालक पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहत होते, मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारखं, उत्तर बाईंनीच सांगावं अशा आशेने. खुर्चीतल्या माणसाला मागे वळून पाहायचं होतं, पण पाठ फार उंच होती. एका बाजूने नुसती सरळ केलेली कॉलर आणि कानाची पाळी दिसली. "परत आणलेलं सांगा ना, बाई," तो म्हणाला. पुस्तक तुमच्याकडे आहे, असं तो म्हणाला नाही. आत्तासुद्धा म्हणाला नाही. ते बाईंनी म्हणावं म्हणून त्याने जागा सोडली होती.

"ते मला आठवत नाही," बाई म्हणाल्या.

नंतर काय झालं ते त्यांना सलग आठवत नसे. पुष्कळ बूट वाजले. कुणीतरी गुच्छ उचलून टेबलावर ठेवला. ग्रंथपालांना दोघांनी दंडाला न धरता, नुसतं दोन्ही बाजूंनी चालत बाहेर नेलं, आणि खुर्ची तशीच राहिली. घरी ताईने ताट वाढलं तर बाई म्हणाल्या भूक नाही, आणि खोलीत जाऊन पडल्या. ताई आयुष्यभर परिचारिका होती. तिला रुसवा आणि आजार लगेच वेगळे ओळखता येत. ती दारात येऊन उभी राहिली आणि काय झालं ते तिने हळूहळू काढून घेतलं. बाईंनी शिक्केबाईंचं सांगितलं, संचालकांचं सांगितलं, सहायक कसा खोटं बोलला ते संतापून सांगितलं. आपलं सांगताना म्हणाल्या की माझ्याकडून तेवढं बोलायचं राहून गेलं. सगळं त्या दोघांनी आधीच ठरवलेलं होतं, मी बोलून काय फरक पडणार होता. मला त्यात ओढलं. ताईने ऐकून घेतलं. मग तिने साधंच विचारलं, रागावून नव्हे, "पण ती खोली तुलाच हवी होती ना गं?" आणि ताट झाकायला ती निघून गेली. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. भिंतीवर रंगाचा एक पोपडा सुटला होता. त्या पोपड्याकडे पाहता पाहता त्यांना कळलं की आपण कसे पडलो आहोत, आणि त्या ताडकन उठून बसल्या. पण उठून बसल्याने काही बदललं नाही. जन्मभर आपण त्या गोष्टीत स्वतःला एका जागी उभं केलं, आणि सभेत कळलं की ती जागा आपली नव्हे, बिननावाच्या दोघांतली एक आपली. त्याने एवढं दुखलं होतं की पुढे पाहायचं सुचलंच नाही. मळा कुणाला हवा होता? राणी दुसऱ्यासाठी करते. संचालकांना काही नवं करायचं होतं आणि काय ते ठरत नव्हतं. ठरवून दिलं ते ह्यांनी, चहा पिता पिता. त्या पहाटेपर्यंत तशाच बसून राहिल्या. पुस्तक घेऊन सकाळी संचालकांकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं. सकाळी गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी स्वतःहून राजीनामा दिल्याचं कळलं, आणि मग जाऊन उपयोग काय, असा प्रश्न आपोआप तयार झाला. त्या प्रश्नाचा त्यांना आधार वाटला, ह्याची त्यांना किळस आली.

वाचनालयाच्या खोलीची किल्ली शिक्केबाईंनी स्वतः आणून दिली. पुस्तकं तळघरात गेली होती. कपाटं रिकामी करायला फार वेळ लागला नव्हता म्हणे. बाई दुपारी एकट्याच मागच्या बाजूला उतरल्या. वाचनालयाच्या जिन्याच्या तळाशी संस्थेचं कुत्रं सावलीत पडलं होतं. एरवी त्यांना पाहून शेपूट हलवणारं ते, आज नुसतं डोळे उघडून पाहत राहिलं. जिना चढून त्यांनी किल्ली फिरवली. कुलूप सहज निघालं. आत उजेड तसाच होता. कपाटांच्या फळ्यांवर पुस्तकं जिथे जिथे होती तिथे फिक्या चौकोनी खुणा राहिल्या होत्या आणि हवेत अजून खळीचा वास होता. तिसऱ्या आणि चौथ्या खिडकीच्या मधे मोठं टेबल मांडलं होतं, आणि टेबलामागे, नव्या केंद्राच्या प्रमुखांसाठी, संचालकांनी मोठ्या मनाने पाठवलेली उंच पाठीची काळी खुर्ची. बाई तिच्यात बसल्या नाहीत. पिशवीतून पुस्तक काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि त्या दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आता कोण येतं ते त्यांना माहीत होतं. ग्रंथात ह्यापुढे येतो तो येणार. राजा ताबा घ्यायला उतरतो आणि तो तिथे आधीच असतो. बाई इतकी वर्षं वर्गात सांगत होत्या की राजाचं भाग्य बघा, त्याला सांगायला कुणीतरी येतं. त्या वाक्यात भाग्य हा शब्द आपण का घालत होतो, हे त्यांना आत्ता समजलं. कुणीतरी यावं. ताईने यावं, दवाखान्यातल्या त्या मुलीने यावं, कुणीही. दारात उभं राहून तोंडावर म्हणावं, हे तू केलंस. मग रडता येईल, त्या राजासारखे कपडे फाडता येतील, पुस्तक उचलून संचालकांकडे धावत जाता येईल. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा त्यांना भीती वाटली आणि भीतीच्या बरोबरीने, लाज वाटावी इतकी, सुटका वाटली.

दारात ग्रंथपाल उभे होते. सदरा रोजचाच. दाढी वाढली होती. चष्मा राहिलाय, ते म्हणाले, खिडकीत. शिपायाला विचारून आलो. बाईंनी बाजूला होऊन वाट दिली. ते आत आले, शेवटच्या खिडकीच्या कट्ट्यावरून त्यांनी चष्मा उचलला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि डोळ्यांवर चढवला. मग त्यांना टेबलावरचं पुस्तक दिसलं. ते जवळ गेले. ग्रंथपालांनी पुस्तक हातात घेतलं, कण्यावरून अंगठा फिरवला, उघडून मधली शिवण पाहिली, पानं जिथे सुटली होती तिथे बोटाने हलकेच दाबून पाहिलं. काम नीट झालेलं होतं. पुस्तक मिटून त्यांनी ते होतं तसं, होतं तिथे, टेबलाच्या कडेशी सारखं करून ठेवलं. मग भिंतीला, कपाटांना, खिडक्यांना न पाहता ते दाराकडे निघाले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काही बोलायचं नाही का मला?"

ग्रंथपाल थांबले. त्यांनी खरंच विचार केला. कुणी काही विचारलं की ते नेहमी करत तसा, मान थोडी वाकडी करून. "मी काय बोलणार," ते म्हणाले. "बोलायचं ते तुम्ही बोललात की." आणि येतो म्हणून ते गेले. जिन्यावर पावलं एकेक करून खाली उतरत गेली. तळाशी ती थोडी थांबली, कुत्र्याशी दोन शब्द बोलल्यासारखं ऐकू आलं, आणि मग ती फाटकाच्या दिशेने लांब गेली. बाई कान देऊन उभ्या होत्या. ती परत फिरतील, जिना चढून येतील, असं त्यांना वाटत होतं. बराच वेळ झाला. खोलीत उजेड सगळीकडे सारखा पसरला होता, कुठेच सावली नव्हती, आणि उभं राहून राहून त्यांचे पाय दुखायला लागले होते. अखेर बाई टेबलामागे गेल्या आणि खुर्चीत बसल्या.